आकड्यांचा नाद

'वाचनसंस्कृतीचा ऱ्हास' हा विषय परिसंवादाला ठेवला की एक वाक्य हटकून ऐकू येते: पूर्वी लोकलच्या डब्यात माणसे पुस्तके वाचत असत, आता ती आकड्यांची कोडी सोडवत बसतात. वक्ता क्षणभर थांबतो, श्रोतृवर्ग मान डोलावतो, आणि साहित्याच्या शत्रूचा शोध लागल्याचे समाधान घेऊन सगळे चहाकडे वळतात. या वाक्याचा प्रतिवाद कुणी करत नाही, कारण ज्यांच्यावर हा आरोप आहे ती मंडळी परिसंवादाला आलेली नसतात. त्या वेळी ती गाडीत असतात.

तो प्रतिवाद आम्ही येथे करणार आहोत. आम्ही साहित्य शिकतो, शिकवतो, त्यावर लिहितो. आणि रोजच्या प्रवासात सुडोकूही सोडवतो. यात आम्हांला काही विसंगती दिसत नाही आणि याची लाजही वाटत नाही. आमचे म्हणणे असे, की वरील वाक्य इतिहास म्हणून खोटे आहे, निदान म्हणून चुकीचे आहे आणि प्रवाशांच्या बाबतीत उद्धट आहे. शिवाय ते फार सोयीचे आहे. डब्याकडे बोट दाखवले की वर्गाकडे पाहावे लागत नाही.

मुळात मराठीत 'आकड्यांचा नाद' हा शब्दप्रयोगच बदनाम. १९६०च्या दशकापासून गिरणगावात आकडा म्हणजे मटक्याचा आकडा, आणि आकड्यांच्या नादी लागलेला माणूस म्हणजे पगाराच्या दिवशी रिकाम्या खिशाने घरी परतणारा माणूस. लोकलमध्ये पेन्सिल घेऊन चौकोनात अंक भरणारा कारकून दिसला की जुन्या मनात थोडा तोच संशय जागा होत असावा. फरक उघड आहे. मटक्यात उत्तर दुसऱ्याच्या हाती आणि पैसा आपला; सुडोकूत उत्तर आपल्या हाती आणि पैशाचा संबंधच नाही. तरीही 'नाद' हा शब्द आम्ही टाकून देणार नाही. छंद म्हटले की गोष्ट प्रतिष्ठित होते, व्यसन म्हटले की ती रोग ठरते. नाद या दोहोंच्या मधोमध उभा आहे आणि आमची अवस्था नेमकी तीच आहे. शिवाय या शब्दाला दुसरा अर्थ आहे, जो साहित्याच्या अभ्यासकाच्या कामाचा आहे. नाद म्हणजे ध्वनी, टोल पडून गेल्यावरही कानात राहणारा. त्या अर्थाकडे आम्ही पुढे येऊच.

आधी आरोपीची ओळख करून घेऊ. सुडोकू हे नाव जपानी असले तरी आजच्या रूपातले हे कोडे अमेरिकेत जन्मले. १९७९ साली डेल या प्रकाशनसंस्थेच्या कोड्यांच्या मासिकात 'नंबर प्लेस' या नावाने ते प्रथम छापले गेले. कोड्याखाली कर्त्याचे नाव नव्हते. इंडियानापोलिसचे निवृत्त वास्तुरचनाकार हॉवर्ड गार्न्स हे त्याचे कर्ते असल्याचा उलगडा पुढे झाला. आपल्या कोड्याने जग वेडे केलेले पाहण्यापूर्वीच, १९८९ साली, ते निवर्तले. १९८४ साली जपानच्या निकोली या संस्थेने ते उचलले, आणि माकी काजी यांनी त्याला 'अंक एकटेच असावेत' अशा अर्थाचे लांबलचक नाव दिले. त्याचेच लघुरूप सुडोकू. हाँगकाँगमधील निवृत्त न्यायाधीश वेन गूल्ड यांना १९९७ साली टोकियोच्या एका पुस्तकाच्या दुकानात अशा कोड्यांचे पुस्तक दिसले. पुढची सहा वर्षे खर्चून त्यांनी ही कोडी तयार करणारी संगणक आज्ञावली लिहिली. १२ नोव्हेंबर २००४ रोजी लंडनच्या 'टाइम्स'मध्ये त्यांचे पहिले कोडे आले. वर्षभरात ते भारतातील वृत्तपत्रांत पोहोचले आणि तेथून आमच्या पिशवीत.

एक अनामिक वास्तुरचनाकार, एक कोडीवेडा संपादक, एक निवृत्त न्यायाधीश: साहित्याचा खून करण्यासाठी जमलेली टोळी म्हणून हे त्रिकूट फारसे पटत नाही.

कोड्याचे स्वरूपही नीट पाहिले पाहिजे, कारण त्याविषयी बोलणाऱ्या पुष्कळांनी ते कधी सोडवलेले नसते. ८१ घरे, प्रत्येक आडव्या ओळीत, प्रत्येक उभ्या स्तंभात आणि प्रत्येक नऊ घरांच्या पेटीत १ ते ९ हे अंक एकेकदाच यावेत, एवढाच नियम. येथे बेरीज नाही, गुणाकार नाही. अंकांऐवजी नऊ अक्षरे किंवा नऊ फुले घातली तरी कोडे तेच राहील. म्हणजे हे गणिताचे कोडे नसून जागेचे कोडे आहे: कोण कोठे बसू शकतो आणि कोण बसूच शकत नाही. नियम पाळून ८१ घरे भरण्याचे प्रकार किती, याचे उत्तर २२ अंकी संख्येत येते. तरी चांगल्या कोड्याला उत्तर मात्र एकच असते. असे एकमेव उत्तर निघायला निदान १७ अंक आधी दिलेले असावे लागतात, हे २०१२ साली संगणकाच्या साहाय्याने सिद्ध झाले. अफाट शक्यतांतून एकाच अपरिहार्यतेकडे जाणे, हे त्या कोड्याचे सगळे नाट्य. नाद लागतो तो या अपरिहार्यतेचा. 'येथे सातच येणार, दुसरे काही येऊच शकत नाही' या क्षणाची चव एकदा कळली की माणूस ती पुन्हा शोधतो.

आता ही चव प्रवासातच का लागते? कल्याणहून किंवा विरारहून मुंबईत रोज येणाऱ्या माणसाला विचारावे. पीक अवरच्या लोकलमधील गर्दीसाठी रेल्वेच्या परिभाषेत 'सुपर डेन्स क्रश लोड' असा शब्द आहे. त्याचा अर्थ, एका चौरस मीटरमध्ये १४ ते १६ माणसे उभी. त्या चौरस मीटरमध्ये कादंबरीचे पान उलटायला दुसरा हात मोकळा नसतो. चौथ्या सीटवर अर्धे अंग टेकवायला मिळाले तरी दर स्थानकावर उठणारे, घुसणारे, 'जरा सरका' म्हणणारे असतातच. कादंबरीला सलग वेळ लागतो. मधे तुटले की पुन्हा तिच्या जगात शिरावे लागते. सुडोकू कितीही वेळा तुटले तरी जेथे सोडले तेथेच उभे असते. ठाणे ते दादर एवढ्या वेळात एखादे सुटते. न सुटल्यास परतीच्या गाडीत पुढे चालू होते. त्याला भाषा नसल्यामुळे शेजारचा गुजराती वा तमीळ प्रवासी खांद्यावरून डोकावून 'तिथे चार येणार नाही' असे बोटाने सांगू शकतो. सर्व बाजूंनी माणसे दाबत असताना स्वतःपुरती नऊ बाय नऊची जागा मिळणे, जेथे प्रत्येकाला एक घर आहे आणि कुणी कुणाच्या अंगावर येत नाही, याचे मोल चर्चगेटला मोटारीने येणाऱ्या वक्त्यांना कळावे अशी आमची अपेक्षा नाही. पण कळत नसेल तर निदान त्यांनी न्यायनिवाडा करू नये.

राहिला 'पूर्वी माणसे वाचत' हा मुद्दा. आगगाडी आणि पुस्तक यांचे नाते जुने आहे, हे आम्हीही शिकवतो. लंडनच्या यूस्टन स्थानकात डब्ल्यू. एच. स्मिथ यांचे पुस्तकांचे दुकान १८४८ साली निघाले. पुढच्याच वर्षी रूटलेज या प्रकाशकाने 'रेल्वे लायब्ररी' नावाची स्वस्त मालिका काढली. आपल्याकडे मुंबई ते ठाणे पहिली प्रवासी गाडी १६ एप्रिल १८५३ रोजी धावली, १८७७ साली अलाहाबादेत ए. एच. व्हीलर कंपनी निघाली, आणि १८८८ साली तिच्या 'इंडियन रेल्वे लायब्ररी'त तरुण किपलिंगच्या कथा एक रुपया किमतीला मिळू लागल्या. हे सारे खरे. पण त्या काळच्या सुसंस्कृत मंडळींनी या स्टेशनी पुस्तकांना काय म्हटले, तेही सांगायला हवे. पिवळ्या वेष्टनांतल्या त्या कादंबऱ्या म्हणजे अभिरुचीचा नाश, वेळेचा अपव्यय, गाडीच्या घाईला साजेसे उथळ वाङ्मय, अशी त्यांची संभावना होत असे. आज ज्या प्रवासी वाचकाच्या नावाने उसासे टाकले जातात, त्याच्या हातातले पुस्तक त्याच्या हयातीत कुणाला पुस्तकच वाटत नव्हते.

शब्दकोड्याचीही हीच कथा. १९१३ साली ते न्यू यॉर्कच्या एका दैनिकात अवतरले. १९२०च्या दशकात त्याची साथ एवढी पसरली की बाल्टिमोर अँड ओहायो रेल्वेने प्रवाशांच्या सोयीसाठी गाड्यांत शब्दकोश ठेवले. १९२४ साली 'न्यू यॉर्क टाइम्स'ने शब्दकोड्यांना वेळेची पापमय उधळपट्टी ठरवले, आणि १९४२ साली त्याच दैनिकाने स्वतःचे शब्दकोडे सुरू केले. आज मराठीत शब्दकोडे सोडवणारे आजोबा भाषाप्रेमी समजले जातात. आम्हांला खात्री आहे, की ध्वनिचित्रफितींच्या पुढच्या एखाद्या लाटेत सुडोकू सोडवणारी माणसेही 'जुन्या, एकाग्र पिढीचे प्रतिनिधी' म्हणून परिसंवादांत गौरवली जातील. ती वेळ आलीच आहे म्हणा. डब्यातल्या दहा पडद्यांपैकी कोडे असलेला पडदा शोधावा लागतो.

आणि लोकलचा डबा हा काही कधीकाळी फिरते ग्रंथालय नव्हता. तेथे बॅगेवर पत्ते पिसले जात, टाळांच्या ठेक्यावर भजने होत, बायकांच्या डब्यात भाजी निवडली जाई आणि हळदीकुंकूही होई. पुस्तक वाचणारे होतेच, आजही आहेत. परंतु डबाभर वाचक असलेली ती लोकल कोणत्या वेळापत्रकात होती, ते कुणीतरी आम्हांला दाखवावे.

येथवर वाचून कोड्यांचे समर्थक खूश होतील आणि आपली ठरलेली ढाल पुढे करतील: सुडोकूने बुद्धी तल्लख राहते, स्मरणशक्ती वाढते, म्हातारपण लांबते. या ढालीचा आश्रय आम्हांला नको. बौद्धिक व्यायामाचे खेळ विकणाऱ्या 'ल्युमॉसिटी'च्या चालकांना २०१६ साली अमेरिकेत दिशाभूल करणाऱ्या दाव्यांच्या प्रकरणी २० लाख डॉलर मोजावे लागले. २०१८च्या अखेरीस 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये अ‍ॅबर्डीन परिसरातील, १९३६ साली जन्मलेल्या ४९८ व्यक्तींवरील अभ्यास आला. त्याचा निष्कर्ष असा, की बुद्धीला काम देणाऱ्या सवयींमुळे माणूस उतरणीला लागतो तो थोड्या वरच्या पायरीवरून. उतरणीचा वेग मात्र त्यामुळे कमी होत नाही. म्हणजे औषध म्हणून सुडोकू विकणे ही लबाडीच.

पण आमचा आक्षेप त्याहून मुळाशी आहे. कोडे बुद्धीसाठी चांगले म्हणणारा आणि पुस्तक संस्कारासाठी चांगले म्हणणारा, हे दोघे एकाच पंथाचे आहेत. प्रवाशाचा वेळ कशाच्या तरी कामी आला पाहिजे, हा दोघांचाही आग्रह. दिवसाचे आठ-नऊ तास कचेरीचे, उरलेले घराचे. मधला जो दीड तास लोखंडी डब्यात कोंडून काढायचा, त्याचाही हिशोब संस्कृतीच्या किंवा मेंदूच्या खात्यावर मांडायचा. आम्हांला हा हिशोब मान्य नाही. तो दीड तास प्रवाशाचा आहे. त्याने पुस्तक वाचावे, कोडे सोडवावे, की खिडकीतून कळव्याच्या खाडीकडे पाहत बसावे, यासाठी त्याला कुणाची परवानगी लागत नाही.

याचा अर्थ कोडे कोठेही क्षम्य आहे असा नव्हे. २००८ साली सिडनीत अमली पदार्थांचा एक खटला तीन महिने चालल्यावर रद्द करावा लागला, कारण ज्यूरीतील काही जण साक्षी चालू असताना सुडोकू सोडवत असल्याचे उघड झाले. दहा लाखांहून अधिक ऑस्ट्रेलियन डॉलर वाया गेले. तेथे त्यांचे लक्ष दुसऱ्याचे देणे होते. माणसांचे भवितव्य त्या लक्षावर टांगलेले होते. नादाचा दोष ठरतो तो येथे. प्रश्न कोड्याचा नसून, कोणत्या जागी कशाला लक्ष द्यायचे बांधील आहोत याचा आहे. लोकलमधला प्रवासी कुणाचाही देणेकरी नाही. साहित्याच्या वर्गात मात्र आपण सारे देणेकरी आहोत, आणि आमचे खरे भांडण तेथलेच आहे.

त्या भांडणाआधी आपल्याच काव्यशास्त्राकडे वळू. कोडे आणि काव्य यांचा संबंध त्याने फार शांतपणे तपासला होता. दंडीने 'काव्यादर्शा'त प्रहेलिकांचे सोळा प्रकार सांगितले आणि त्यांचे उपयोगही दिले: क्रीडागोष्ठीतला विनोद, गर्दीत असताना जाणकारांनी आपसांत गुप्तपणे बोलणे, आणि दुसऱ्याला बुचकळ्यात टाकणे. गर्दी आणि विरंगुळा यांच्याशी कोड्याचे नाते दंडीलाही दिसले होते. फक्त त्याच्या गर्दीचे चौरस मीटर कुणी मोजले नव्हते. पुढे चौदाव्या शतकात विश्वनाथाने 'साहित्यदर्पणा'त प्रहेलिकेला अलंकाराचा दर्जा नाकारला, कारण ती रसाच्या आड येते. दोघांपैकी कुणीही प्रहेलिकेवर बंदी मागितली नाही. कोडे कोड्याच्या जागी, काव्य काव्याच्या जागी, एवढाच निवाडा.

दोहोंतला भेद ध्वनिविचाराने स्पष्ट केला आहे. घंटेचा टोल पडतो आणि मग त्याचे अनुरणन चालू राहते, तसा वाच्यार्थ कळल्यावर व्यंग्यार्थ मागून उमटत राहतो. कोड्याला अनुरणन नसते. शेवटचे घर भरले की सुडोकू मेले. सोडवलेल्या सुडोकूकडे पुन्हा कुणी पाहत नाही, आदल्या दिवशीचे कोडे भजी बांधायच्या कामाचे. हा त्याचा दोष नव्हे, स्वभाव आहे, आणि प्रवासात तो उपयोगीच पडतो, कारण दादरला उतरताना मागे काही राहायला नको असते. कविता मात्र कळल्यावर सुरू होते. कोड्याचा नाद लागतो आणि कवितेचा नाद उरतो, असे आम्ही म्हणतो ते या अर्थाने.

दोन्ही एकत्र नांदू शकतात, याचा सुंदर पुरावा भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त, म्हणजे ११५० सालीच सापडतो. भुंग्यांच्या थव्याचा पाचवा भाग कदंबावर गेला, तिसरा भाग शिलींध्रावर, या दोहोंतील फरकाच्या तिप्पट कुटजावर. उरलेला एक भुंगा केतकी आणि मालती यांच्या सुगंधांनी एकाच वेळी ओढला जाऊन आकाशात भिरभिरतो आहे. तर एकूण भुंगे किती? उत्तर १५. उत्तर मिळाले की चौदा भुंगे आपापल्या फुलांवर बसतात आणि हिशोबातून जातात. पंधरावा जात नाही. तो दोन सुगंधांच्या मध्ये अजून लोंबकळतो आहे. गणिताचे काम चौदांनी केले, काव्याचे काम त्या एकाने.

आकड्यांचा नाद माणसाला कोरडा करतो, असे समजणाऱ्यांनी दत्तात्रय रामचंद्र कापरेकरांचे चरित्र वाचावे. डहाणूला १९०५ साली जन्मलेला हा माणूस १९३० ते १९६२ देवळालीच्या शाळेत मास्तर होता. दारुड्याला जशी दारूची ओढ तशी आपल्याला अंकांची, असे ते स्वतःच म्हणत. चारही अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्या, तिचे अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने मांडून वजाबाकी करा, हेच पुन्हापुन्हा करा. सातांहून अधिक पायऱ्या न लागता ६१७४ येते आणि मग तेथून सुटका नाही. हा त्यांचा शोध. ३५२४ पासून निघा: ३०८७, ८३५२, ६१७४. आपली पुस्तिका पदरमोड करून छापणाऱ्या या मास्तरांकडे देशातल्या गणितज्ञांनी बराच काळ करमणूक म्हणून पाहिले. १९७५ साली मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन'मध्ये त्यांच्याविषयी लिहिल्यावर नजरा बदलल्या. त्यांच्या आणखी एका शोधाचे नाव 'डेम्लो संख्या'. १११११ चा वर्ग १२३४५४३२१, अशा डौलदार संख्या या कुळातल्या. डेम्लो हे जी. आय. पी. रेल्वेवरील स्थानकाचे, आजच्या डोंबिवलीचे, त्या वेळचे नाव. ती कल्पना त्यांना तेथे सुचली. ज्या फलाटावरून आजचा प्रवासी खिशात सुडोकू घेऊन गाडीत चढतो, त्याच फलाटाचे नाव एका मास्तराने संख्येला दिले आहे. छापील कोडे सोडवणारा आणि कापरेकर यांत अंतर आहे, ते आम्ही नाकारत नाही. छापील कोड्यात उत्तर आधी ठरलेले असते. कापरेकरांनी प्रश्न स्वतः घातला, आणि उत्तर आहे की नाही हेही कुणाला ठाऊक नव्हते. पुढच्या युक्तिवादासाठी हे अंतर ध्यानात ठेवावे.

चौकट हीच साहित्याची वैरीण, असेही कुणी म्हणू नये. सुटलेले प्रत्येक सुडोकू हा लॅटिन चौरसाचा एक विशेष प्रकार असतो. असे दोन चौरस एकमेकांवर विशिष्ट रीतीने बसवण्याचा खेळ ऑयलरने अठराव्या शतकात मांडला आणि १० बाय १० आकारात तो जमणार नाही असा अंदाज केला. पुढे मुंबई विद्यापीठाच्या गणित विभागाचे प्रमुख झालेले शरदचंद्र शंकर श्रीखंडे, राजचंद्र बोस आणि अर्नेस्ट पार्कर यांनी १९५९ साली तो अंदाज खोटा पाडला. आणि त्या दहा बाय दहाच्या जोडचौरसाच्या आधाराने जॉर्ज पेरेक या फ्रेंच लेखकाने १९७८ साली 'ला व्ही मोद दाँप्लुआ' ही ९९ प्रकरणांची कादंबरी रचली. कोणत्या खोलीत कोणती वस्तू, कोणता संदर्भ यावा, हे त्या चौरसाने ठरवले. हाच पेरेक नियतकालिकासाठी शब्दकोडीही रचत असे. चौकटीने कादंबरीचा जीव घेतला नाही, कारण लेखकाने चौकट रचण्यासाठी वापरली. वाचकाने एकच उत्तर काढावे म्हणून नव्हे.

आता वर्गात येऊ. शालान्त परीक्षेची मराठीची कृतिपत्रिका समोर ठेवावी. कवितेवर पहिला आदेश काय असतो? चौकटी पूर्ण करा. आकृतिबंध पूर्ण करा. जोड्या लावा. कवितेतील अमुक ओळीतला शब्द अमुक रिकाम्या घरात. प्रहेलिका रसाच्या आड येते म्हणून विश्वनाथाने जिला दाराबाहेर ठेवले, तिला आपण कवितेच्या छातीवर आणून बसवले आहे. स्वमताचा प्रश्न असतो, हे आम्हांला ठाऊक आहे. स्वमताचे नमुनेही गाइडांत छापून मिळतात, हेही ठाऊक आहे. पुढे महाविद्यालयात 'अपेक्षित प्रश्नसंच' येतो आणि कवितेचा 'आशय' पाच मुद्द्यांत बांधून देतो. जो विद्यार्थी सहावा मुद्दा स्वतः काढतो, त्याचा गुण तपासनिसाच्या मर्जीवर.

हा सापळा अध्यापकालाही चुकलेला नाही. सहायक प्राध्यापकपदाच्या पात्रतेसाठी असलेल्या 'नेट' परीक्षेतली शेवटची लेखी प्रश्नपत्रिका जून २०१२ पासून बहुपर्यायी झाली. तेव्हापासून मराठी साहित्य शिकवण्याची पात्रता चार पर्यायांतून एक निवडून ठरते. ग्रंथ आणि कर्ता, वर्ष आणि कादंबरी, संप्रदाय आणि संत यांच्या जोड्या जुळवून जो आत आला, त्याने वर्गात जोड्याच जुळवल्या तर दोष एकट्या त्याचा कसा? आम्ही त्याच रांगेतून आलो आहोत, म्हणूनच हे ठणकावून सांगतो.

कविता कोडे म्हणून शिकवली की विद्यार्थी एक साधी तुलना करतो, आणि त्या तुलनेत कविता हरते. हरणारच. कोडे म्हणून कविता हे फार वाईट कोडे आहे. तिचे नियम आधी सांगितलेले नसतात, दिलेले शब्द पुरेसे नसतात, उत्तर बरोबर आले हे सोडवणाऱ्याला कळायला मार्ग नसतो. ते तपासनीसच सांगणार. सुडोकू त्याहून शतपटींनी प्रामाणिक. नियम एका वाक्यात, सर्वांना सारखे. आणि शेवटचे घर भरले की उत्तर बरोबर असल्याची ग्वाही कोडे स्वतःच देते. तेथे गाइड लागत नाही, बाईंची मर्जी लागत नाही, शुद्धलेखनाचे गुण जात नाहीत. पंधरा वर्षे ज्याला कवितेच्या नावाखाली निकृष्ट कोडी सोडवायला लावली, तो मोकळा झाल्यावर गाडीत उत्कृष्ट कोडे उघडून बसला, तर त्याची अभिरुची बिघडली असे कोणत्या तोंडाने म्हणावे? त्याची अभिरुची शाबूत आहे. कोड्यांतले चांगले-वाईट त्याला आपल्यापेक्षा अधिक कळते.

म्हणून प्रवाशांना उपदेश करण्याचा उद्योग साहित्याच्या मंडळींनी थांबवावा. 'लोकलमध्ये पुस्तक वाचा' अशा मोहिमांनी फार तर छायाचित्रे चांगली येतात. करायचे असेल तर काम आपल्या हद्दीतच पडले आहे. कवितेवरच्या प्रश्नांतून चौकटी हद्दपार कराव्यात. ग्रंथ आणि कर्त्यांच्या जोड्या माहिती म्हणून राहू द्याव्यात; वाङ्मयीन जाणिवेचा पुरावा म्हणून त्या स्वीकारू नयेत. अध्यापक निवडताना त्याला न पाहिलेली एक कविता द्यावी, तासभर द्यावा, आणि त्याने काय लिहिले ते माणसाने वाचावे. याला वेळ लागेल, वाद होतील, दोन परीक्षकांचे गुण जुळणार नाहीत. जुळू नयेतच. एकच उत्तर असलेले काम यंत्रावर सोपवावे. ते आपल्यापेक्षा ते जलद करते, आणि सुडोकू तर क्षणार्धात सोडवते.

तोवर गाडीतल्या माणसाला त्याचे कोडे शांतपणे सोडवू द्यावे. आणि येत्या परीक्षेच्या प्रश्नपत्रिका काढायला बसणाऱ्या आमच्या मित्रांनी एवढे करावे: निदान एक प्रश्न असा घालावा, ज्याचे उत्तर तपासनिसाच्या नमुना उत्तरपत्रिकेत नाही, आणि जे प्रश्न काढणाऱ्यालाही अजून सापडलेले नाही.